नाडी कोणाच्या हाती?

वैद्याने रुग्णाची नाडी पाहावी, ही या देशातील फार जुनी रीत. तिच्यात मनगट एकाचे असे आणि बोटे दुसऱ्याची. बोटे चुकली तर जाब विचारायला समोर माणूस असे. आता मनगटावर घड्याळ आले आहे, कातडीखाली यंत्र आले आहे आणि बोटांच्या जागी दूर कोठेतरी असलेला कंपनीचा संगणक आला आहे. हृदयरुग्णाचा ठोका घरबसल्या टिपता येतो, तेव्हा डॉक्टर खेड्यात जात नसेल तर न जावो, यंत्र जाईल, असे राज्यकर्ते, उपकरणांचे उत्पादक आणि या दोघांची तळी उचलणारे तज्ज्ञ एका सुरात सांगू लागले आहेत. या घोषणेची झडती घेणे अगत्याचे आहे. तिच्यात एक मोठे सत्य आहे आणि त्या सत्याच्या आडोशाला तितकीच मोठी लबाडी दडलेली आहे. सत्य नाकारून लबाडी उघडी पाडता येत नाही. म्हणून आधी सत्याचा हिशेब.

यंत्राचे देणे

स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, अभियंते रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर शल्यविशारद ओके सेनिंग यांनी जगात प्रथमच एका रुग्णाच्या शरीरात पूर्णपणे आत बसवला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पण तो रुग्ण, आर्ने लार्सन, पुढे एकामागून एक अशा एकूण २६ यंत्रांच्या आधाराने २००१ पर्यंत जगला. ते यंत्र बनवणारा आणि बसवणारा, दोघेही त्याच्या आधी गेले. १९८० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून साकारलेला डिफिब्रिलेटर प्रथम माणसाच्या शरीरात बसला. हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडताच हे यंत्र आतूनच विजेचा झटका देते आणि मरणाच्या दारातून माणसाला परत आणते.

शरीरात बसवलेले यंत्र नीट चालले आहे की नाही, हे वेळोवेळी पाहावे लागते. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत टेलिफोनच्या तारेवरून पेसमेकरची तपासणी सुरू झाली. २००१ साली, रुग्णाने काहीही न करता दररोज आपोआप माहिती पाठवणाऱ्या यंत्रणेला तेथे मान्यता मिळाली. आज रुग्ण झोपला असता शरीरातील यंत्र उशाशी ठेवलेल्या पेटीशी किंवा त्याच्या मोबाइलशी बिनतारी बोलते. बॅटरी किती उरली, हृदयापर्यंत गेलेली तार शाबूत आहे काय, लय किती वेळा बिघडली, काही यंत्रांच्या बाबतीत फुफ्फुसात पाणी साचू लागले आहे काय, ही सारी माहिती ती पेटी कंपनीच्या संगणकाकडे धाडते आणि डॉक्टर ती तेथून पाहतात.

याचा लाभ काल्पनिक नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १,३३९ रुग्णांच्या ट्रस्ट नावाच्या अमेरिकन चाचणीत दूरस्थ देखरेखीमुळे रुग्णालयातील तपासणीच्या फेऱ्या ४५ टक्क्यांनी घटल्या. आणि बिघाड घडल्यापासून तो डॉक्टरांच्या नजरेस येईपर्यंतचा काळ ३६ दिवसांवरून दोन दिवसांहून कमी झाला. चौतीस दिवसांचा हा फरक हृदयरुग्णाच्या बाबतीत जगणे आणि मरणे यांच्यातला फरक ठरू शकतो.

आता या लाभाची सर्वाधिक गरज कोणाला आहे, याचा विचार करावा. मुंबईच्या पेडर रोडवर राहणाऱ्या रुग्णाला तज्ज्ञापर्यंत पोहोचायला पंधरा मिनिटे लागतात. गडचिरोलीच्या भामरागडहून नागपूरला किंवा नंदुरबारच्या धडगावहून नाशिकला जाणाऱ्या रुग्णाला दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते, सोबत एक माणूस न्यावा लागतो, गाडीभाडे उसने काढावे लागते. परिणामी तो तपासणीला जातच नाही. ज्याची फेरी वाचवायची तो माणूस हा आहे. दूरस्थ देखरेख हा श्रीमंतांचा चोचला आहे असे म्हणणे म्हणूनच गैर आहे. तो चोचला झाला आहे, कारण ती गरिबांपर्यंत पोहोचू दिलेली नाही.

दुसऱ्या टोकाला कोण?

येथून लबाडी सुरू होते. यंत्र संदेश पाठवते, एवढ्यावरून रुग्ण वाचतो असे मानणे म्हणजे तार आली म्हणजे मदत आली असे मानण्यासारखे आहे. तार वाचणारा कोणी हवा, तिचा अर्थ लावणारा हवा, आणि रात्री दोन वाजता उठून रुग्णाला फोन करणारा हवा. वैद्यकशास्त्राने हे अनुमानावर सोडलेले नाही, मोजून दाखवले आहे.

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती क्षीण होणे, या विकाराच्या १,६५३ रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रुग्णांनी रोज एका स्वयंचलित टेलिफोन यंत्रणेला आपले वजन व लक्षणे सांगायची, अशी ती व्यवस्था होती. सहा महिन्यांनी हिशेब केला तेव्हा पुन्हा रुग्णालयात दाखल झालेल्या वा दगावलेल्या रुग्णांचे प्रमाण देखरेखीच्या गटात ५२.३ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ५१.५ टक्के निघाले. म्हणजे लाभ शून्य. इंग्लंडमधील नऊ रुग्णालयांत, शरीरात यंत्र बसवलेल्या १,६५० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही, तिचे निष्कर्ष २०१७ चे, काही फरक आढळला नाही. तेथे माहिती आठवड्यातून एकदा पाहिली जात होती.

याच्या शेजारी जर्मनीतून चालवलेल्या दोन चाचण्या ठेवाव्यात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत ६६४ रुग्ण होते. यंत्रांची माहिती रोज येत असे, आणि लाइपझिग येथील मध्यवर्ती केंद्रातील माणसे ती पाहून संबंधित डॉक्टरांना सावध करीत. वर्षअखेर देखरेखीच्या गटात १० मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २७. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने चालवलेली दुसरी चाचणी २०१८ ची, १,५७१ रुग्णांची. या रुग्णांच्या घरी वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, ईसीजीचे छोटे उपकरण अशी साधी साधने दिली होती. पण त्या साधनांच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका यांचे केंद्र दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस जागे होते. दर १०० रुग्णांमागे वर्षाला होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ११.३४ वरून ७.८६ वर आले.

इंग्लंडमधल्या रुग्णांच्या छातीत महागडी यंत्रे होती. बर्लिनच्या रुग्णांच्या घरी दिलेली साधने साधीच होती. तरी फरक बर्लिनला पडला. या चाचण्यांतील रुग्ण आणि पद्धती वेगवेगळ्या होत्या, तेव्हा त्यांची तुलना जपूनच करायला हवी. तथापि त्यांच्यातून निघणारा बोध टाळता येत नाही. जीव वाचतो तो संदेशाला तत्काळ उत्तर देणाऱ्या, पगारी आणि जबाबदार माणसांमुळे. यंत्र त्या माणसाचा हात लांब करते. त्या माणसाची जागा घेत नाही. जर्मनीने हा बोध घेतला. डिसेंबर २०२० मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्यविम्याच्या संयुक्त मंडळाने, गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची अशी देखरेख विम्याच्या खर्चात समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालील केंद्र ही त्यातली अट ठेवली. यंत्र विकत घेण्याचा निर्णय तेवढा घेऊन ते थांबले नाहीत.

बसवण्याला पैसे, पाहण्याला नाहीत

भारतात नेमके उलटे चालले आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते. पण ते संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस सोडले तर बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च त्यात नाही. शरीरात बसवलेला पेसमेकर सहा, आठ, दहा वर्षे चालतो. त्या वर्षांत त्याच्याकडे पाहायचे कोणी आणि कोणाच्या खर्चाने, याचे उत्तर योजना देत नाही. शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयाला मिळतात, यंत्राचे कंपनीला मिळतात, आणि सांभाळ रुग्णाच्या पदरी पडतो. ज्या व्यवस्थेत मोबदला कापण्याला मिळतो आणि काळजी घेण्याला मिळत नाही, त्या व्यवस्थेत कापणे वाढते आणि काळजी आटते. हे समजायला अर्थशास्त्राचा फार अभ्यास लागत नाही.

पैसा नाही, हे यावर ठरलेले उत्तर. ते तपासून पाहावे. हृदयाच्या लयीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी, ज्यात आशियाची संघटनाही आहे, २०२३ साली असे मानक सुचवले की शरीरात यंत्र असलेल्या दर १,००० रुग्णांच्या दूरस्थ देखरेखीसाठी तीन पूर्णवेळ कर्मचारी असावेत. प्रत्येकाचे मासिक वेतन सरासरी ६०,००० रुपये धरले तर तिघांचे वर्षाचे २१ लाख ६० हजार रुपये होतात. रुग्णामागे महिना १८० रुपये. रात्रपाळ्या, सुट्या आणि फोनचा खर्च मिळून ही रक्कम दुप्पट धरली तरी महिना ३६० रुपये. लाखाच्या घरात किंमत असलेले यंत्र बसवायचे आणि महिना ३६० रुपयांचा माणूस नाकारायचा, ही काटकसर नव्हे. आधी केलेला खर्चही वाया घालवणे आहे. भोर समितीने १९४६ सालीच, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. सरकारच्याच हिशेबानुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोक थेट आपल्या खिशातून उचलत होते. पैसा नाही हे खरे नव्हे. तो कशावर खर्चायचा याचा निर्णय झालेला आहे.

शरीर एकाचे, यंत्र दुसऱ्याचे

केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा बाजार नसतो. येथे घेणाऱ्याला मालाची पारख नसते, गरज कधी पडेल ठाऊक नसते, आणि काय घ्यायचे हे विकणाऱ्याच्या बाजूचा माणूस ठरवतो. दूरस्थ देखरेखीने या विषमतेत आणखी एक गाठ मारली आहे. एका कंपनीच्या यंत्राची भाषा दुसऱ्या कंपनीच्या पेटीला कळत नाही. एकदा यंत्र छातीत बसले की रुग्ण त्याच्या उरलेल्या आयुष्यापुरता त्या कंपनीचा अंकित ग्राहक झाला. साबण बदलता येतो. छातीतले यंत्र बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. आणि त्याच्याच हृदयाची माहिती आधी कंपनीकडे, मग डॉक्टरकडे जाते. रुग्णापर्यंत ती येते ती कोणी दया केली तर.

किमतीच्या बाबतीत बाजारावर विसंबणे किती महागात पडते, याचा दाखला जुना नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी रुग्णालये स्टेंटवर ६५४ टक्क्यांपर्यंत नफा घेत असल्याचे प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून उघड झाले होते. हा निर्णयही सरकारला आपणहून सुचला नव्हता. दिल्लीच्या उच्च न्यायालयात एका वकिलाने जनहित याचिका लढवली तेव्हा चक्रे फिरली. मर्यादा येताच काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली. तरीही देशात स्टेंटचा दुष्काळ पडला नाही. पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर यांना मात्र अशी कमाल मर्यादा लावलेली नाही. वर्षात १० टक्क्यांहून अधिक किंमत वाढवू नये, एवढेच बंधन आहे.

यंत्र बिघडले तर? २०१७ साली अमेरिकेत एका बड्या कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या आज्ञावलीत अशी त्रुटी आढळली की तिचा फायदा घेऊन जवळ आलेला तिऱ्हाइत माणूस यंत्रात ढवळाढवळ करू शकला असता. दुरुस्तीसाठी रुग्णाला प्रत्यक्ष दवाखान्यात जावे लागणार होते. म्हणजे प्रथम रुग्ण सापडायला हवा. भारतात तो सापडेल काय? एका बहुराष्ट्रीय कंपनीचे सदोष कृत्रिम खुबे २०१० साली जगभरातून परत मागवण्यात आले. ते भारतातील सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला तेव्हा त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. रोज रात्री रुग्णाच्या हृदयाची खबर कंपनीला पोहोचते; आणि कोणाच्या शरीरात कोणते यंत्र आहे याची पक्की नोंदवही मात्र राज्यसंस्थेकडे नाही. सार्वभौमत्वाच्या गप्पा मारणाऱ्यांना याची लाज वाटली पाहिजे.

दोन मनगटे

माहितीच्या मालकीचा प्रश्न वरवर पाहता सुशिक्षितांच्या चिंतेचा वाटतो. तसा तो नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात २०१६ साली एका घराला आग लागली. पोलिसांनी वॉरंट काढून घरमालकाच्या पेसमेकरमधील नोंदी मिळवल्या आणि त्या त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायला न्यायाधीशांनी २०१७ मध्ये परवानगी दिली. तो मनुष्य दोषी होता की नव्हता, हा येथे मुद्दा नाही. प्राण वाचवण्यासाठी आत बसवलेले यंत्र साक्षीदार म्हणून उभे केले जाऊ शकते, हा मुद्दा आहे. २०१८ साली तेथील एका मोठ्या आयुर्विमा कंपनीने आपल्या सर्व पॉलिसींना शरीरावर वापरायच्या उपकरणांची जोड देण्याचे जाहीर केले. भारतातही चाललेल्या पावलांच्या हिशेबावर हप्त्यात सवलत देणाऱ्या पॉलिसी निघाल्या आहेत. आज जे निरोग्याला बक्षीस म्हणून दिले जाते, ते उद्या आजाऱ्याला दंड म्हणून भरावे लागेल. विम्याचा हिशेब असाच जुळतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाने तर फार दूर पाहण्याचे कारण नाही. नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंडीगढमध्ये २०२० साली तेच झाले, आणि यंत्राच्या नोंदीवरून वेतन कापले जाते, खासगीपणा उरत नाही, म्हणून कामगार रस्त्यावर उतरले. एकाच देशात, एकाच काळात ही दोन मनगटे आहेत. साहेबाच्या मनगटावरचे घड्याळ त्याच्या हृदयाची काळजी घेते. गटार उपसणाऱ्याच्या मनगटावरचे घड्याळ तो किती वेळ सावलीत बसला हे मोजते. विषारी वायूने गुदमरण्याचा धोका ज्याला रोज आहे, त्याच्या नाडीची चौकशी कोणी करीत नाही. त्याच्या हजेरीची होते. तंत्रज्ञान तटस्थ असते असे सांगणाऱ्यांनी या दोन मनगटांकडे एकदा पाहावे.

कायद्याचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आरोग्यविषयक माहितीच्या संरक्षणासाठी २०१८ मध्ये केंद्राने एका स्वतंत्र कायद्याचा मसुदा काढला. तो कधी कायदा झालाच नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही. उलट सरकार आपल्या पसंतीच्या सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. दरम्यान नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर चालले. घराला कुलूप नाही, आणि लोकांना मात्र दागिने आणून ठेवायला सांगितले जात आहे.

चळवळीतील दोन चुकीची उत्तरे

या प्रश्नावर पुरोगामी वर्तुळात दोन उत्तरे ऐकू येतात. दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर असे, की जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी रक्तदाबाची गोळी मिळत नाही, तेथे असल्या यंत्रांच्या गोष्टी कशाला? गोळी मिळाली पाहिजे, यात शंका नाही. तो लढा आधीचा आहे. पण गरिबाला गोळी आणि श्रीमंताला यंत्र, ही वाटणी समाजवाद्याने मान्य का करावी? गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्या’त डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर कठोर टीका केली. तेच गांधीजी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला सामोरे गेले; शस्त्रक्रियेच्या मध्येच वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. यंत्रावरची टीका यंत्राने माणसाला दास करू नये यासाठी असते. शेजारच्या माणसाला ते मिळू नये यासाठी ती वापरली, तर तिच्यातला नैतिक अर्थच निघून जातो.

दुसरे उत्तर दानधर्माचे. मुंबईतील एका रुग्णालयात, अमेरिकेतील रुग्णांच्या शरीरातून काढलेले १०६ डिफिब्रिलेटर निर्जंतुक करून ८१ गरजू रुग्णांना बसवण्यात आले आणि संसर्गाचा उपद्रव झाला नाही, असा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. हे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या सद्भावनेला वंदन केले पाहिजे. त्या ८१ जणांना जीवदान मिळाले असेल; पण बाकीच्यांचे काय? हृदयविकाराचा झटका दानशूराचा पत्ता विचारून येत नाही. जे एकाला हक्काने मिळते ते दुसऱ्याला उपकार म्हणून, आणि तेही वापरलेले मिळावे, याला न्याय म्हणता येणार नाही.

मागायचे काय?

सार्वजनिक व्यवस्थेला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी दाखले देशातच आहेत. तमिळनाडूत सरकारी दवाखाने, रुग्णवाहिका आणि मोठी रुग्णालये एका साखळीत जोडून, ईसीजी दूरच्या तज्ज्ञाला पाठवून, हृदयविकाराच्या झटक्यावर उपचार करण्याचा प्रयोग झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत २,४२० रुग्णांमध्ये वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलेले दिसते. गोव्यात २०१८ पासून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून, आरोग्य केंद्रांतून ईसीजी पाठवायचा, तज्ज्ञाने तो वाचायचा आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य द्यायचे, अशी योजना सुरू झाली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या सरकारी संस्थेने, डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली, देशी कृत्रिम हृदयझडप तयार केली. १९९० साली ती प्रथम माणसाच्या हृदयात बसली आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली. देशात बुद्धी आहे, हात आहेत. त्यांना कामाला लावण्याची राजकीय इच्छा तेवढी नाही.

ती इच्छा वरून उतरणार नाही, खालून रेटावी लागेल. म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, सरकारी योजनेतून बसवलेल्या प्रत्येक यंत्राची देखरेख, ते यंत्र चालते तोवर, योजनेच्याच खर्चाने व्हावी. आणि त्यासाठी प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कायम कर्मचाऱ्यांचे चोवीस तास चालणारे केंद्र असावे. दुसरी, पेसमेकर व डिफिब्रिलेटर यांची कमाल किंमत सरकारने ठरवावी आणि घरची पेटी व माहितीची सेवा तिच्यातच धरावी. तिसरी, शरीरात बसवलेल्या प्रत्येक यंत्राची सार्वजनिक नोंद ठेवणे सक्तीचे व्हावे. चौथी, सर्व यंत्रांची माहिती सरकारी केंद्राला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. त्या माहितीची मालकी रुग्णाची राहावी. मालक आणि विमा कंपनी यांना ती कोणत्याही सबबीवर मिळू नये आणि पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना मिळू नये. पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची. खेड्यात या साखळीचे शेवटचे टोक म्हणजे आशा सेविका. तिशीपुढच्या प्रत्येकाच्या रक्तदाबाची आणि सवयींची चौकशी करणारे अर्ज आज तीच भरते. आणि शासन तिला कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका म्हणते. तिच्या हातात यंत्र आणि मोबाइल देण्याआधी तिला कायम नोकरीचा आदेश द्यावा.

कार्यकर्त्यांनी वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यात सरकारी योजनेतून पेसमेकर बसवलेले रुग्ण किती, गेल्या वर्षभरात त्यांपैकी किती जणांचे यंत्र कोणी तपासले, आणि ज्यांचे तपासले नाही त्यांनी का जाता आले नाही म्हणून सांगितले, एवढी तीन प्रश्नांची पाहणी चार-सहा कार्यकर्ते पंधरा दिवसांत करू शकतात. ती यादी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दालनात जावे. या यादीतील प्रत्येक माणसाच्या छातीत एक यंत्र आहे आणि ते बोलते आहे. ऐकायला माणूस नेमणे हे सरकारचे काम आहे, आणि तो नेमला जाईपर्यंत त्या दालनातून न उठणे हे चळवळीचे.